रक्त पातळ करणारी गोळी आणि घरचा काढा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ज्येष्ठ नागरिकांच्या सत्रात केलेले भाषण)



आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली, त्याबद्दल सर्वांचे प्रथम अभिनंदन. आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक सभासद पस्तिशी-चाळिशीतले होते. सर्वसाधारण सभेत वाद व्हायचे ते बोअरच्या पाण्यावरून, टँकरच्या वर्गणीवरून आणि कंपाउंडच्या भिंतीवरून. आता सभा संपली की खुर्च्या जवळ ओढल्या जातात आणि विषय निघतो तो साखरेचा, बीपीचा, गुडघ्यांचा. कोणाची अँजिओप्लास्टी झाली, कोणाला कोणती गोळी कायमची लागली, याची चर्चा होते. आणि मग हमखास कोणीतरी म्हणतं, "गोळ्या किती दिवस खाणार? मी सांगतो तो काढा घ्या."

आज मला बोलायचं आहे ते या शेवटच्या वाक्याबद्दल. ज्येष्ठांना उपयोगी असं काही सांगा, असं समितीने सुचवलं तेव्हा त्यांना वाटलं असेल की मी ठेवी, नॉमिनेशन, मृत्युपत्र यावर बोलेन. ते विषयही महत्त्वाचे आहेत. पण आपल्या घराघरांत रक्त पातळ करणारी गोळी घेणारी माणसं वाढली आहेत, आणि त्याच घरांत स्वयंपाकघरातला, शेतातला किंवा मोबाइलवर आलेला उपाय सुरू असतो. हे दोन्ही एकाच पोटात जातं. त्याचा हिशेब मात्र कोणी एकत्र मांडत नाही.

मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. त्यामुळे कोणती गोळी किती घ्यावी, हे मी सांगणार नाही. बँकेत आयुष्य गेलं, तिथे दोन ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहायची सवय लागली. तेवढंच काम मी इथे करणार आहे.

आधी ही गोळी इतक्या घरांत कशी आली ते पाहू. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवणं एकेकाळी आपल्याकडे श्रीमंतांचं काम समजलं जायचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजना आल्या, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या माणसालाही हा उपचार मिळू लागला. स्टेंट बसला की त्यात गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा त्यासारखी गोळी सुरू होते. हा एक गट.

दुसरा गट कृत्रिम झडपेच्या रुग्णांचा. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, त्याकडे दुर्लक्ष झालं, आणि पुढे हृदयाची झडप खराब झाली अशी माणसं आपल्या भागात कमी नाहीत. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेने तयार केलेली भारतीय झडप १९९० साली प्रथम रुग्णाला बसवली गेली. परदेशी झडपेपेक्षा ती स्वस्त, म्हणून पुढे हजारो लोकांना तिचा लाभ झाला. पण अशी यांत्रिक झडप बसली की वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमरोल ही गोळी जन्मभर घ्यावी लागते. शिवाय हृदयाचे ठोके अनियमित पडणारे, पायाच्या शिरेत गुठळी झालेले, अर्धांगाचा झटका येऊन गेलेले, हे सगळे या यादीत येतात. त्यांच्यापैकी काहींना ॲपिक्साबान, रिव्हारॉक्साबान, डॅबिगाट्रान अशी नव्या पिढीची औषधं दिलेली असतात.

आपण सगळ्यांना मिळून "रक्त पातळ करणारी गोळी" म्हणतो. खरं तर रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही. होतं असं की रक्त गोठण्याचं काम मंदावतं. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या बारीक पेशींना एकमेकींना चिकटू देत नाहीत. वॉर्फरिन आणि ॲसिनोकुमरोल यांचं काम यकृतात चालतं. रक्त गोठवणारे काही घटक यकृत जीवनसत्त्व 'के'च्या मदतीने तयार करतं, आणि ही गोळी नेमकी ती मदत तोडते. म्हणून या गोळीच्या रुग्णाला वरचेवर आयएनआर नावाची रक्ततपासणी करावी लागते. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. गोळीवरच्या बहुतेक रुग्णांचा तो २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. काही झडपांसाठी थोडा जास्त, साडेतीनपर्यंत. आकडा खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. दोन्ही बाजूंना खड्डा आणि मधून पायवाट, असा हा प्रकार आहे.

आता मुख्य मुद्दा. आपण म्हणतो, "देशी औषध आहे, झाडपाला आहे, त्याला कुठे साइड इफेक्ट?" शेती करणाऱ्या गावात तरी हे वाक्य टिकायला नको. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन जनावर दगावतं, हे आपल्या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. ज्वारी नैसर्गिकच असते. धोतराही नैसर्गिकच असतो.

आणि गंमत अशी की ज्या वॉर्फरिनबद्दल आपण बोलतो आहोत, त्याचा जन्मच जनावरांच्या चाऱ्यातून झाला. १९२० च्या सुमाराला अमेरिका आणि कॅनडाच्या उत्तर भागात गाई-बैलांना एक विचित्र आजार व्हायला लागला. शिंगं कापली की जखमेतून रक्त थांबायचं नाही आणि जनावर मरायचं. पशुवैद्यांनी शोध घेतला तेव्हा कारण सापडलं, ते म्हणजे स्वीट क्लोव्हर नावाचं गवत. ताजं असताना ते चालायचं, पण ओलसर राहून बुरशी लागलेलं खाल्लं की रक्त गोठेनासं व्हायचं. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि तो सडका चारा घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. पुढे त्या प्रयोगशाळेने चाऱ्यातलं ते द्रव्य वेगळं काढलं. त्याच्यावरून वॉर्फरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते आधी उंदरांचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही हे औषध दिलं गेलं.

म्हणजे गवताची काडी रक्त थांबू देत नाही इतकी ताकदवान असू शकते. आपल्याकडचं उदाहरण सर्पगंधेचं आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग होतो, हे रुग्णांवरच्या अनुभवातून मांडलं. त्यांचा लेख १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि साऱ्या जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. वनस्पतीत गुण असतो म्हणूनच हे झालं. जिच्यात गुण आहे तिच्यात अवगुणही असणार. परिणाम करणारी वस्तू चांगलाच परिणाम करेल आणि आपल्याला हवा तेवढाच करेल, असं कसं होईल? आयुर्वेदाचंही म्हणणं वेगळं नाही. नीट योजलेलं विष औषध होतं आणि चुकीचं योजलेलं औषध विष होतं, हा विचार चरकसंहितेतच आहे. तेव्हा मी बोलतोय ते आयुर्वेदाच्या विरुद्ध आहे, असं कृपया कोणी समजू नये. मी बोलतोय ते न सांगता, न विचारता, परस्पर घेतलेल्या औषधाबद्दल.

गोळी आणि वनस्पती एकत्र आल्या की गडबड साधारण तीन प्रकारांनी होते.

पहिला प्रकार बेरजेचा. गोळी रक्त गोठू देत नाही आणि वनस्पतीही तेच करते. लसूण, अद्रक, हळद यांतली काही द्रव्यं प्लेटलेटच्या चिकटण्यावर परिणाम करतात. स्मरणशक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या गिंकोच्या गोळ्यांबद्दलही डॉक्टर हाच इशारा देतात.

आता घाबरून उद्यापासून वरणाला लसणाची फोडणी बंद करू नका. प्रश्न फोडणीचा नाही, मात्रेचा आहे. हळदीचंच गणित करून पाहू. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन हे मुख्य द्रव्य साधारण तीन टक्के असतं. बाजारात मिळणाऱ्या एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क असतो आणि त्यात ९५ टक्के कर्क्युमिन असल्याचं डबीवर लिहिलेलं असतं. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये साधारण १५ ग्रॅम हळदीइतकं कर्क्युमिन झालं. भाजीत आपण चिमूटभर हळद टाकतो. १५ ग्रॅम हळद टाकलेली भाजी कोणी तोंडात तरी घेईल का? वर अनेक कॅप्सूलमध्ये काळ्या मिरीचा अर्क घातलेला असतो, तो शरीरात शोषण वाढावं म्हणूनच. तो शोषण वाढवतो ते फक्त हळदीचंच, अशी हमी कोण देणार? न्यूझीलंडच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये एक सूचना काढली होती. वॉर्फरिनवर ज्याचा आकडा स्थिर होता अशा एका रुग्णाने हळदीचं तयार उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत त्याचा आयएनआर १० च्या वर गेला. १० च्या वर म्हणजे साध्या धक्क्याने, किंवा धक्का न लागताही, आत कुठेही रक्तस्राव होऊ शकतो.

बेरजेचं आणखी एक उदाहरण तुमच्या सर्वांच्या मोबाइलवर येऊन गेलेलं आहे. लिंबाचा रस एक कप, अद्रकाचा एक कप, लसणाचा एक कप, सफरचंदाचं व्हिनेगर एक कप. चार कपांचे तीन कप होईपर्यंत उकळा, मध घाला, रोज अनशापोटी तीन चमचे घ्या, सगळे ब्लॉकेज उघडतील आणि बायपास टळेल. कन्नड, खुलताबाद, फुलंब्री हा तर अद्रकाचा पट्टा, त्यामुळे आपल्याकडे हा काढा करायला अवघड काही नाही. आता विचार करा, हा काढा घेतो कोण? ज्याला ब्लॉकेज आहे तोच. म्हणजे जो आधीच ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलवर आहे नेमका तोच माणूस लसूण-अद्रकाचा आटवलेला रस महिनोन्महिने घेतो. त्याला मधुमेह असेल तर मधाची साखर वेगळीच. आणि ब्लॉकेज? रक्तवाहिनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं साठलेला चरबी आणि कॅल्शियमचा थर काही नळाच्या पाइपातल्या गाळासारखा नसतो, की आंबट ओतलं आणि धुऊन निघाला.

दुसरा प्रकार वजाबाकीचा. यात वनस्पती गोळीच्या विरुद्ध काम करते. वॉर्फरिन आणि ॲसिनोकुमरोल जीवनसत्त्व 'के'ची वाट अडवतात, आणि हिरव्या पालेभाज्यांत हेच जीवनसत्त्व भरपूर असतं. पालक, मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला, गव्हांकुराचा रस. त्यामुळे या गोळीच्या रुग्णाने पालेभाजी सोडायची नाही, पण प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं. अडचण होते ती एकदम बदल केल्याने. हिवाळ्यात मेथी स्वस्त झाली म्हणून महिनाभर दोन्ही वेळा मेथी, आणि उन्हाळ्यात महिनाभर एकदाही नाही, असं केलं की आकडा हलतो.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं सांगतो. झडपेचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झालेली, आयएनआर दोन वर्षं अगदी स्थिर. हिवाळ्यात घरी कुंड्यांमध्ये गव्हांकुर लावले आणि सुनेने मोठ्या प्रेमाने रोज सकाळी पेलाभर रस द्यायला सुरुवात केली. पुढच्या तपासणीत आकडा घसरून १.४ वर आला. डॉक्टरांनी विचारलं, "काका, नवीन काही औषध सुरू केलंय का?" काका म्हणाले, "नाही." ते खोटं बोलले नाहीत. रस म्हणजे औषध, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली, आकडा जागेवर आला. महिन्या-दीड महिन्याने ते मुलीकडे पुण्याला राहायला गेले. तिथे ना कुंड्या, ना रस. वाढवलेली गोळी मात्र चालूच. तीन आठवड्यांत हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मांडीवर काळे-निळे डाग उठले. तपासणी केली तर आकडा ६ च्या वर. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं.

या गोष्टीत दोष कोणाला द्यायचा? सुनेला नाही, डॉक्टरांना नाही, काकांनाही नाही. सगळे आपापल्या जागी बरोबर होते. फक्त डॉक्टरांच्या कागदावर रसाची नोंद नव्हती, आणि कुंडीला पाणी घालणाऱ्या सुनेला गोळीची माहिती नव्हती. अशा गोष्टींत माणूस जातो तो बहुतेक वेळा कोणाच्या वाईट हेतूने नाही, तर नोंद न झाल्याने.

तिसरा प्रकार यकृताचा. आपण जी औषधं घेतो त्यांतली बरीचशी यकृत मोडून बाहेर काढतं. काही वनस्पती यकृताचं हे काम वेगात करायला लावतात, काही मंद करतात. मन उदास आहे म्हणून सेंट जॉन्स वर्ट नावाच्या वनस्पतीच्या गोळ्या ऑनलाइन मिळतात. त्या घेतल्या की वॉर्फरिनही आणि नव्या पिढीची औषधंही शरीरातून लवकर निघून जातात. गोळी वेळेवर घेतली जाते, पण संरक्षण राहत नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. नव्या गोळ्यांना नेहमीची आयएनआर तपासणी लागत नाही, हा त्यांचा फायदा. पण त्यामुळेच त्यांच्यावर एखाद्या वनस्पतीचा परिणाम झाला तर तो नेहमीच्या कोणत्या कागदावर दिसतही नाही.

यकृताचा विषय निघाला म्हणून गुळवेलीचं सांगतो. करोनाच्या काळात प्रत्येक घरात काढा होता आणि त्यात गुळवेल होती. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. या रुग्णांनी गुळवेल घेतली होती आणि त्यांच्या यकृताला इजा झालेली आढळली होती. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, याची खात्री केलेली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. या वादात कोण बरोबर, ते तज्ज्ञ ठरवतील. पण आपल्यासाठी दोन्ही बाजूंमधून एकच अर्थ निघतो. वेल खरी असली तरी जपून, आणि कुंपणावरून तोडून आणलेली वेल खरी कोणती हे आपल्याला ओळखता येत नसेल, तर दुप्पट जपून. यकृत बिघडलं की रक्त गोठवणारे घटकही कमी तयार होतात, आणि वरून गोळी चालू असेल तर तिचा परिणाम आणखी वाढतो.

या तीन प्रकारांखेरीज एक आणखी, बिननावाच्या पुडीचा. आठवडी बाजारात किंवा कोणाच्या ओळखीने सांधेदुखीची पुडी मिळते. दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक औषध मिसळलेलं सापडल्याचे प्रकार वेळोवेळी नोंदले गेले आहेत. आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत गेली, की जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका चांगलाच वाढतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेल्या गुडघेदुखीच्या गोळीलाही हेच लागू. म्हणजे दोष एकट्या झाडपाल्याचाच आहे असं नाही.

पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ आली की पपईच्या पानांचा रस सुरू होतो. डेंग्यूमध्ये प्लेटलेट कमी होतात. जो माणूस आधीच रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर आहे, त्याने तापात रसावर विसंबून घरी थांबू नये. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं आणि कोणती गोळी चालू आहे ते आधी सांगावं.

आता सर्वांत महत्त्वाचं. माझं हे बोलणं ऐकून कोणी घरी जाऊन गोळी बंद करायची नाही. हे मी दोनदा सांगतो. गोळी बंद करायची नाही. स्टेंट किंवा झडप असलेल्या माणसाने मनाने गोळी थांबवली तर गुठळी होऊन झटका येऊ शकतो, अर्धांग होऊ शकतं. काढा आणि गोळी यांत कशावर तरी पाणी सोडायचं असेल, तर डॉक्टरांना विचारेपर्यंत थांबवायचा तो काढा. पण गोष्ट काकांसारखी झाली असेल, म्हणजे काढा किंवा रस खूप दिवस चालू असेल आणि गोळीची मात्रा त्याच्यासकट ठरली असेल, तर तो थांबवताना डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. तपासणी लवकर करावी लागेल.

आपण डॉक्टरांना सांगत का नाही, याचाही विचार केला पाहिजे. एक तर काढ्याला आपण औषध मानत नाही. दुसरं, डॉक्टर रागावतील अशी भीती असते. तिसरं, उपाय सांगणारा मेव्हणा असतो, व्याही असतो, त्याचा मान राखायचा असतो. आणि वैद्यांकडे गेलो तर तिथे ॲलोपॅथीच्या गोळ्या लपवतो. दोन डॉक्टर, दोन्हीकडे अर्धी गोष्ट. बँकेत एकाच माणसाची दोन शाखांमध्ये दोन कर्जं असली आणि एका शाखेला दुसरीचा पत्ताच नसला, तर बुडण्याची वेळ कोणावर येते? इथे तर बुडणारा आपणच.

म्हणून माझी विनंती एकच आहे. प्रत्येक घरात एक शंभर पानी वही करा. डाव्या पानावर डॉक्टरांच्या गोळ्या लिहा, नाव, मात्रा, वेळ. उजव्या पानावर बाकी सगळं लिहा, काढा, चूर्ण, रस, कॅप्सूल, तेल, बाजारातली पुडी, आणि ते कोणत्या तारखेला सुरू केलं आणि कधी बंद केलं. आयएनआरचा आकडा तारखेसह त्याच वहीत. दवाखान्यात जाताना, वैद्यांकडे जाताना, दात काढायला जाताना, ऑपरेशनच्या आधी ही वही सोबत न्यायची. दाताच्या डॉक्टरांना तर आवर्जून दाखवायची. मुलीकडे राहायला गेलात तरी वही सोबत. नवीन काही सुरू करायचं असेल तर आधी विचारायचं आणि मग उजव्या पानावर लिहायचं. गरज असली तर चांगल्या, पदवीधर वैद्यांचा सल्ला जरूर घ्या, पण डावं पान त्यांच्यासमोर उघडं ठेवा.

सुना-मुलांना एक सांगणं. आई-वडिलांसाठी ऑनलाइन काहीही मागवण्याआधी वहीचं डावं पान वाचा. प्रेमाने दिलेलं असलं तरी ते पोटात गेल्यावर त्याचा जो गुण असेल तोच येणार.

काही खुणाही लक्षात ठेवा. शौचाला डांबरासारखी काळी होणे, लघवी लालसर होणे, नाकातून किंवा हिरड्यांतून येणारं रक्त दहा मिनिटं दाबून धरूनही न थांबणे, काही न लागता अंगावर मोठे काळे-निळे डाग पडणे, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अचानक असह्य डोकेदुखी, तोंड वाकडं होणे, एक हात उचलता न येणे, बोलताना जीभ जड होणे, किंवा पडून डोक्याला मार लागणे, असं झालं तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा. गोळीवरच्या माणसाच्या डोक्याला लागलं आणि वरून जखम दिसत नाही, तरी तपासणी करून घ्यायची. आपल्याकडून छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात पोहोचायला वेळ लागतो. तो वेळ घरी हळद लावून बसण्यात घालवू नका. आणि निघताना वही विसरू नका, कारण तिथे रात्रीच्या ड्युटीवरचा तरुण डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार की कोणत्या गोळ्या चालू आहेत.

एखाद्या औषधाचा, मग ते ॲलोपॅथीचं असो की आयुर्वेदाचं, वाईट परिणाम झाला तर त्याची नोंद सरकारकडे करता येते. औषधांच्या दुष्परिणामांसाठी केंद्र सरकारचा कार्यक्रम आहे आणि त्याचा निःशुल्क फोन क्रमांक १८००-१८०-३०२४ हा आहे. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून ही नोंद करायची नसते. आपला अनुभव लिहिला गेला तर पुढच्या माणसाला इशारा मिळतो. न्यूझीलंडच्या त्या एका रुग्णाची नोंद झाली, म्हणून आज मी ती तुम्हाला इथे सांगू शकलो.

पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीचं एक वैशिष्ट्य राहिलं. हिशेब उघडा राहिला. वर्गणी किती आली, खर्च किती झाला, बोअरच्या मोटारीला किती लागले, हे दरवर्षी सर्वांसमोर वाचलं गेलं. म्हणून भांडणं झाली तरी संशय राहिला नाही. तीच सवय आता आपल्या औषधांना लावायची आहे. पुढच्या महिन्याच्या सभेला येताना ज्येष्ठ सभासदांनी आपापली वही सोबत आणावी. मी माझी आणीन. कोणाला लिहिताना अडचण वाटत असेल, अक्षर दिसत नसेल, गोळीचं नाव वाचता येत नसेल, तर सोसायटीतली कॉलेजची मुलं लिहून देतील, त्यांनी तशी तयारी दाखवली आहे.

  सुवर्णमहोत्सवाला आजच्यातले जास्तीत जास्त चेहरे इथे दिसोत, अशी प्रार्थना करतो आणि थांबतो.